बॅलन्सिंगचे ग्रॅम आणि मापात पाप

आपल्या समाजातील कारागिरांचा एक मोठा वर्ग आज चाकाच्या धंद्यावर पोट भरतो. कुर्ल्याचा रस्ता असो, भिवंडीचा नाका असो, मालेगाव असो की सोलापूरचा हमरस्ता, टायरच्या दुकानावर उस्ताद आणि शागीर्द बहुधा आपलेच असतात. या धंद्याविषयी बाहेरच्यांनी बोलून घेतलेले आहे. एप्रिल २०२५ मध्ये हिसारच्या सभेत खुद्द पंतप्रधानांनी वक्फच्या मालमत्तेविषयी बोलताना मुस्लिम तरुणांच्या सायकल पंक्चरचा उल्लेख केला. त्यानंतर बरेच दिवस कोणी टिंगल केली, कोणी संताप केला. एवढ्या गदारोळात त्या धंद्याची, धंदा म्हणून, कोणी चौकशी केली नाही. तो कसा चालतो, त्यात पैसा कुठून येतो, कारागिराच्या हातात काय उरते, आणि तो पैसा निखळ हलाल आहे की नाही, हे प्रश्न बाहेरच्यांचे नाहीत. ते आपले आहेत आणि आपणच सोडवायचे आहेत.

त्यांतला एकच प्रश्न आज घेतो. मोटारीचा टायर बसवून चाकाचे बॅलन्सिंग करताना ग्रॅमवर पैसे घ्यायची जी पद्धत पडली आहे, ती बंद व्हावी आणि चाकामागे ठरलेला दर असावा, असे माझे मत आहे. विषय लहान वाटेल. पण जो कारागीर दिवसाला वीस चाके फिरवतो त्याच्यासाठी हा रोज वीस वेळा समोर येणारा इमानाचा प्रश्न आहे.

बॅलन्सिंगची गरज आपल्याकडे उशिरा निर्माण झाली. पूर्वी रस्तेच असे होते की गाडी साठच्या वर जात नसे, आणि गेली तरी खड्ड्यांच्या दणक्यात चाकाची थरथर कोणाला जाणवणार? २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा सगळा रस्ता सुरू झाला. तिथे मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. नागपूरहून निघालेला माणूस तासन् तास एकाच वेगाने गाडी हाकतो. चाकात थोडे जरी कमीजास्त असले तरी आता ते स्टिअरिंगमध्ये येते, हातात येते, आणि माणूस पहिल्या गावात उतरून टायरवाल्याला विचारतो.

हे कमीजास्त म्हणजे काय, ते आपल्या शागीर्दांनाही नीट समजावून सांगितले जात नाही. कोणताही टायर सगळीकडे सारखा जड नसतो. रिमही नसते. दोन्ही एकत्र आली की चाकाचा एखादा भाग बाकीच्यापेक्षा जड पडतो. चौदा इंची रिमच्या कडेला ३० ग्रॅमचा फरक आहे असे धरा. दुकानात ते चाक हातात घेतले तर कोणाला कळणार नाही. पण ताशी १०० किलोमीटरच्या वेगात हे चाक सेकंदाला साधारण पंधरा फेऱ्या मारते आणि तेच ३० ग्रॅम सुमारे पाच किलोच्या जोराने चाकाला बाहेर ओढतात. एकदा वर, एकदा खाली, सेकंदाला पंधरा वेळा. वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. म्हणूनच पन्नासच्या वेगात ज्याची जाणीव नसते ते शंभरावर गाडी हलवून सोडते. बेअरिंग, बॉल जॉइंट, शॉक अॅब्सॉर्बर यांचे आयुष्य त्यात जाते आणि टायर ठिकठिकाणी वाटीसारखा झिजतो. तेव्हा बॅलन्सिंग हे ग्राहकाच्या माथी मारायचे जास्तीचे काम नाही. ते खरे काम आहे, आणि खऱ्या कामाचा पैसा ताठ मानेने मागता येतो.

आता टायर बसवण्याचे काम पाहा. चांगला उस्ताद जुना टायर उतरवला की आधी रिमकडे पाहतो. तिची कड वाकली आहे का, जिथे टायरची बीड बसते तिथे गंज आहे का, ते बघून तारेच्या ब्रशने साफ करतो. रबरी व्हॉल्व्ह जुना झाला असेल तर नवा टाकतो, कारण चाळीस-पन्नास रुपयांच्या व्हॉल्व्हपायी नवा टायर हवा सोडत राहिला तर बदनामी दुकानाची होते. बीडला साबणाचे पाणी किंवा त्यासाठी मिळणारी पेस्ट लावतो. डिझेल किंवा जुने ऑइल लावत नाही, कारण पेट्रोलियमने रबर सडते. टायरवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने ठेवतो, आणि कोणती बाजू बाहेर हे लिहिले असेल तर ते वाचतो. नव्या टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो टायरची हलकी जागा दाखवतो. तो व्हॉल्व्हच्या समोर आणायचा, कारण व्हॉल्व्हने रिमला त्या ठिकाणी थोडे वजन आलेले असते. मग हवा भरून बीड बसवतो, आणि ४० पौंडाच्या वर हवा न चढवता बसवतो. बसत नसेल तर हवा सोडून पुन्हा साबण लावतो. जोर करून ६०-७० पौंड चढवणारे उस्ताद मी पाहिले आहेत. बोटे आणि जीव गमावण्याची ती वाट आहे, आणि हवेच्या नळीशी बहुधा उस्ताद नसतो, शागीर्द असतो.

एवढे सगळे मन लावून केले की काय होते? चाक मशीनवर चढवले की फार वजन लागतच नाही. दहा ग्रॅम, वीस ग्रॅम, क्वचित तीस.

आणि येथेच ग्रॅमच्या दराचा अन्याय दिसतो. ग्राहक विचारतो, "चाचा, किती होतील?" उत्तर ठरलेले असते, "आधी फिरवून बघू साहेब, वजन किती लागतंय त्यावर आहे." समजा दर ग्रॅमला ३ रुपये आहे. ज्याने रिम घासली, ठिपका जुळवला, जुनी वजने काढून चाक धुतले, त्याला चार चाकांत मिळून ८० ग्रॅम लागले. त्याचे झाले २४० रुपये. शेजारच्या दुकानात चिखलासकट चाक चढवले, जुनी वजने तशीच ठेवली, ठिपका पाहिला नाही. तिथे २२० ग्रॅम लागले, आणि झाले ६६० रुपये. पहिल्याने अर्धा तास जास्त काम केले आणि निम्म्याहून कमी पैसे घेतले. ज्या दरात चांगल्या कारागिराला कमी आणि वाईट कारागिराला जास्त मिळते, तो दर धंद्याला कुठे नेईल हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

एक जुनी युक्ती आहे. मशीनने ७०-८० ग्रॅम मागितले तर जाणता उस्ताद लगेच वजन ठोकत नाही. तो हवा सोडतो, बीड सुटी करतो, टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवतो. टायरची जड बाजू रिमच्या हलक्या बाजूवर आली की पुष्कळदा निम्मे वजनही लागत नाही. ही खरी कारागिरी आहे. पण ग्रॅमवर पैसे घेणाऱ्याने ही युक्ती वापरायची म्हणजे घामही गाळायचा आणि उत्पन्नही घटवायचे. त्यामुळे ती आता विसरत चालली आहे. काही ठिकाणी नवीन पोरांना असे करता येते हेही माहीत नसते.

आतापर्यंत सांगितले ते आळसाचे. आता लबाडीचे सांगतो, कारण ते झाकून ठेवण्यात काही हशील नाही; ग्राहकांना त्याचा सुगावा लागलेला आहेच.

मशीनला तीन मापे द्यावी लागतात: मशीनपासून रिमचे अंतर, रिमची रुंदी आणि रिमचा व्यास. नव्या मशीनमध्ये दांडा ओढला की दोन मापे आपोआप जातात, जुन्यात हाताने भरावी लागतात. चौदा इंची रिमला तेरा भरले तर मशीन लागते त्यापेक्षा जास्त ग्रॅम दाखवते. रुंदी कमी भरली तरी तेच. वजन ठोकून चाक दुसऱ्यांदा फिरवले तर चोरी लगेच उघडी पडते, कारण जास्तीच्या वजनाने चाक आता दुसऱ्या बाजूला जड झालेले असते. म्हणून लबाड माणूस दुसऱ्यांदा फिरवतच नाही. किंवा फिरवतो, आणि मशीन समोरच्या बाजूला वजन मागते तेव्हा तेही ठोकतो. म्हणजे आधी पाप केले त्याचे पैसे घेतले, आणि त्या पापाची भरपाई केली त्याचेही पैसे घेतले! रिमच्या एकाच कडेवर अगदी समोरासमोर दोन वजने दिसली तर समजावे की दोघांनी एकमेकांना खाल्ले आणि ग्राहकाने दोघांचे बिल भरले. आतल्या कडेला एक आणि बाहेरच्या कडेला त्याच्या समोर दुसरे, हे मात्र बरोबर असू शकते. दोन्ही कडांचा हिशेब वेगळा असतो. शंका घेणाऱ्या ग्राहकाला हा फरक समजावून सांगावा.

तिसरा प्रकार जुन्या वजनांचा. काढलेले क्लिपचे वजन पुन्हा ठोकले की त्याची पकड सैल झालेली असते. ते रस्त्यात उडून जाते. चिकटवायच्या वजनाचा गोंद एकदाच चालतो. तरीही जुने वजन लावून नव्याचे पैसे घेतले जातात, आणि काही दुकानांत तर ते ग्राहकाच्या स्वतःच्याच चाकातून निघालेले असते.

किराणा दुकानात तराजू ग्राहकाच्या समोर असतो. वजनमापे खात्याचा शिक्का त्यावर लागतो. बॅलन्सिंग मशीनचा आकडा मात्र कारागिराकडे तोंड करून असतो. मापे तोच भरतो, आकडा तोच वाचतो, वजन तोच लावतो, पैसे तोच सांगतो. एका माणसाच्या हाती एवढा अधिकार असला की त्याच्या इमानाची रोज कसोटी लागते.

मापात पाप करू नये, हे मराठी मुलुखात लहान पोरालाही शिकवतात. आपल्याला तर याबद्दल साक्षात कुरआनात ताकीद आहे. त्र्याऐंशीव्या सूरहचे नावच मापात खोट करणाऱ्यांवरून आहे, आणि हजरत शुऐब (अ.) यांच्या मदयनवासी कौमेचा जो गुन्हा वारंवार सांगितला आहे त्यात माप आणि तोल यांतली बेइमानी येते. आपल्या धंद्यात फक्त गोष्ट उलटी झाली आहे. किराणावाला कमी देऊन पाप करतो, आपण जास्त देऊन करतो. ग्राहकाला ज्याची गरज नव्हती ते शिसे त्याच्या चाकाला लावून त्याचे पैसे घेणे, हे धान्यात खडे घालण्यापेक्षा वेगळे कसे? प्रेषित (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतला माल ओला निघाला, हा प्रसंग आपण जुम्माच्या बयानात कितीदा ऐकतो. वर कोरडे ठेवून आत ओले लपवणाऱ्या त्या व्यापाऱ्याला त्यांनी काय सुनावले तेही आपल्याला ठाऊक आहे. बॅलन्सिंगच्या मशीनचा आकडा हाही असाच ढीग आहे. वरून कोरडा दिसतो.

फिक्हच्या पुस्तकांत मजुरीच्या कराराचे, म्हणजे इजाऱ्याचे, स्वतंत्र प्रकरण असते. काम काय आणि मजुरी किती हे दोघांना आधी माहीत असावे, ही त्यातली मुख्य अट आहे. ग्रॅमचा दर सांगितला म्हणजे मजुरी सांगितली असे होते का? ग्रॅम किती हे काम संपेपर्यंत ग्राहकाला माहीत नसते, आणि ते ठरवणाऱ्याचाच त्यात फायदा असतो. याचा निकाल देण्याचा अधिकार माझा नाही, तो उलेमांचा आहे. आपल्या गावच्या मुफ्तीसाहेबांकडे एखाद्या दुकानदाराने हा प्रश्न लिहून न्यावा. पण न्यायचाच तर सगळे खरे लिहून न्यावे, जुन्या वजनांचेही.

आता दुकानदार बांधवांची बाजू. ती खोटी नाही. पहिली गोष्ट ते सांगतात की वजनांना पैसे पडतात, आणि अलॉय रिमला लागणारे चिकटवायचे वजन क्लिपच्या वजनापेक्षा महाग असते. एखाद्या चाकाला ८० ग्रॅम लागले तर ठरलेल्या दरात तोटा होईल. दुसरी, मशीनमध्ये मोठी रक्कम गुंतली आहे. तिसरी, शेजारचा ग्रॅमचा दर बोर्डावर छोट्या आकड्यात लिहितो. ग्राहक ३ रुपये पाहून तिकडे जातो आणि चाकाला १०० रुपये पाहून आपल्याकडून निघून जातो.

पहिल्या मुद्द्याचे उत्तर वहीत आहे. एक महिना वही ठेवा. किती चाके झाली आणि इमानदारीने काम करून एकूण किती ग्रॅम लागले, रोज संध्याकाळी लिहा. महिन्याअखेर भागाकार करा. समजा चाकामागे सरासरी २५ ग्रॅम आली आणि वजनाची तुमची खरेदी ग्रॅमला ६० पैसे पडते. म्हणजे चाकामागे १५ रुपयांचा माल. त्यावर वीज, मशीनची घट, जागेचे भाडे आणि कारागिराची मजुरी घाला. जो आकडा येईल तो दर. अलॉयचा वेगळा काढा, मोठ्या गाडीचा वेगळा काढा. एखाद्या चाकाला ८० ग्रॅम लागतीलही, पण दुसऱ्याला ५ लागतील. सरासरी त्यासाठीच असते. आणि ज्या दिवशी दर ठरला त्या दिवसापासून कमी ग्रॅममध्ये काम करणारा उस्ताद तुमचा फायदा वाढवू लागतो. रिम घासण्यात, टायर अर्धा फेरा फिरवण्यात आता तुमचेच पैसे वाचतात. चांगले काम आणि चांगली कमाई एका बाजूला आली. याहून सोपी सुधारणा या धंद्यात मला दिसत नाही.

मशीनच्या भांडवलाबद्दल थोडेच लिहितो, कारण तो वेगळा विषय आहे. व्याजाच्या भीतीने आपले कितीतरी लहान दुकानदार मशीन घेतच नाहीत आणि ग्राहकाला बॅलन्सिंगसाठी मोठ्या शोरूमकडे पाठवतात. एकाच रस्त्यावरच्या तीन-चार दुकानांनी भागीदारीत एक मशीन घ्यायला काय हरकत आहे? टायर ज्याने त्याने आपल्या दुकानात बसवावा, चाक एका जागी फिरवावे, आणि चाकामागे ठरलेला हिस्सा मशीनच्या खात्यात जावा. दर चाकामागे असला तरच हा हिशेब नीट बसतो. ग्रॅमचा असला की कोणी किती ग्रॅम लावले यावरून पहिल्याच महिन्यात भांडण होईल. जिथे मशिदीच्या किंवा जमातच्या बैतुलमालमधून कर्ज-ए-हसना दिले जाते तिथे शिलाई मशीन आणि हातगाडीच्या यादीत हे मशीनही बसायला हवे.

शेजारच्या बोर्डाचा मुद्दा राहिला, आणि तोच सगळ्यांत अवघड आहे. छोटा आकडा ग्राहकाला भुलवतो हे खरे. पण ग्राहक आता पूर्वीचा राहिला नाही. गाडी शोरूममध्ये नेऊन ठोकून घेतलेले बिल त्याने पाहिलेले आहे. वजनांची लबाडी त्याच्या मित्राने मोबाइलवर त्याला दाखवलेली आहे. त्याला आता विश्वासाचा माणूस हवा आहे. तेव्हा बोर्ड असा लिहावा: "चाकाचे बॅलन्सिंग, वजनासह, एवढे रुपये. वजन कितीही लागो." शेवटचे तीन शब्द मोठ्या अक्षरात लिहावेत. ते वाचल्यावर शेजारचे ३ रुपये ग्राहकाला स्वस्त वाटणार नाहीत. तो विचारील, तिकडे वजन किती लागेल? या प्रश्नाचे उत्तर शेजाऱ्याकडे नसते.

दर बदलला म्हणजे झाले असेही नाही. ठरलेल्या दरात उलटी लबाडी होऊ शकते: वजन वाचवायचे, १५ ग्रॅमचा फरक तसाच सोडायचा आणि चाक झाले म्हणून सांगायचे. यावर उपाय एकच, मशीन ग्राहकाच्या समोर ठेवणे. दुसऱ्यांदा फिरवून दोन्ही कडांना शून्य आलेले त्याला दाखवावे, मगच चाक उतरवावे. काढलेली जुनी वजने त्याच्या समोर डब्यात टाकावीत. जागा अडचणीची असेल तर मशीनचे तोंड रस्त्याकडे करावे, एवढे तर होईल.

आणि मशीन खरे बोलते की नाही हेही तपासावे लागते. त्यासाठी कंपनीचा माणूस दर वेळी नको. एक चाक शून्यावर आणा. मग त्याच्या बाहेरच्या कडेला ५० ग्रॅमचे वजन मुद्दाम लावून फिरवा. मशीनने बाहेरच्या बाजूला पन्नासच्या आसपास दाखवले आणि लावलेल्या वजनाच्या बरोबर समोरची जागा सांगितली तर ते ठीक आहे. नंतर ते वजन काढा, नट ढिला करून चाक दांड्यावर अर्धा फेरा फिरवून पुन्हा कसा आणि फिरवा. आकडा शून्याजवळच राहिला पाहिजे. वीस-तीस ग्रॅम आले तर दोष चाकात नसून कोनात, दांड्यात किंवा तिथे बसलेल्या मळात आहे. पाच मिनिटांचे काम आहे. आठवड्यातून एकदा, शुक्रवारी नमाजनंतर दुकान उघडले की पहिले हे करावे. ज्या दुकानात वर्षानुवर्षे कोन पुसलेला नाही तिथे इमानदार कारागीरही नकळत खोटे माप देत असतो.

एक गोष्ट ग्राहकाला स्पष्ट सांगायला हवी आणि ती सांगायला दुकानदार कचरतात. बॅलन्सिंगने सगळी थरथर जात नाही. रिम वाकली असेल, टायरला फुगा आला असेल, बेअरिंग गेले असेल तर मशीनवर शून्य आणूनही गाडी हलणार. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एकाच कडेला झिजत असेल तर ते अलाइनमेंटचे काम, बॅलन्सिंगचे नाही. दोन्ही नावे एका दमात घेऊन दोन्हीचे बिल करणे हीसुद्धा एक वाईट सवय झाली आहे. ज्याला एकाची गरज आहे त्याच्याकडून एकाचेच घ्यावे. टायर जुना असेल तर त्याच्या बाजूवरचे चार अंक वाचून दाखवावेत: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. खाचांची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत आली असेल तर त्या टायरवर बॅलन्सिंगचे पैसे घेऊच नयेत. नवा टायर घ्या म्हणावे, नसेल घ्यायचा तर जाऊ द्यावे.

शागीर्दांविषयी लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्याकडे अजूनही पुष्कळ वजने शिशाची असतात. युरोपीय संघाने २००५ पासून मोटारीच्या चाकांना शिशाची वजने लावायला मनाई केली. तिथे जस्त आणि लोखंड आले. शिसे विष आहे, आणि लहान वयात जास्तच. ज्या पोराने सकाळपासून शिशाची वजने हाताळली तो त्याच हाताने पाव-भाजी खातो. रमजानमध्ये त्याच हाताने खजूर उचलतो. दुकानात साबण आणि पाणी ठेवायला किती खर्च येतो? लोखंडी वजने आता बाजारात मिळतात. ठरलेल्या दरात काम करणाऱ्याला ती घेणे परवडते, कारण त्याला ग्रॅम विकायचे नसतात. आणि शागीर्दाला ग्रॅमवर टक्केवारी देणारे मालक असतील तर त्यांनी ती आजच बंद करावी. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला धंद्याच्या पहिल्या दिवशी लबाडीचा हिशेब शिकवून त्याच्याकडून पुढे इमानदारीची अपेक्षा कशी करणार?

पावतीचेही तसेच. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटीची नोंदणी सक्तीची नसते. म्हणून लहान दुकानदार कागदच देत नाहीत. साध्या छापील पावतीला कोणाची मनाई नाही. तीत गाडीचा नंबर, चाके किती, दर किती, आणि नट किती जोराने कसले ते लिहावे. हे शेवटचे मी मुद्दाम लिहितो. हवेच्या बंदुकीने नट करकचून आवळायची आपल्याकडे रीत आहे. त्याने डिस्क वाकते, ब्रेक मारला की पाय थरथरतो, ग्राहकाला वाटते बॅलन्सिंग बिघडले आणि तो भांडायला येतो. टॉर्क पाना वापरावा, नट एक सोडून एक असे समोरासमोरचे कसावेत. लहान मोटारींत हा आकडा १०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, नेमका त्या गाडीच्या पुस्तकात मिळतो. आणि पावतीच्या खाली एक ओळ छापावी: पन्नास ते शंभर किलोमीटर गाडी चालल्यावर नट तपासायला परत या, पैसे लागणार नाहीत.